विमान जाईपर्यंत

तळ्याच्या काठी तो डोळे मिटून उभा होता, आणि त्याच्या हातातल्या लांब दांडीच्या टोकाला एक करडं, केसाळ मांजर लटकत होतं.

निदान तिला तरी ते मांजरच वाटलं. सकाळची वेळ, पाण्यावर धुकं अजून रेंगाळत होतं, आणि ती आली होती उद्याच्या शूटिंगसाठी खुर्च्या कुठे मांडायच्या ते बघायला. असलं काही बघायला मिळेल याची तिला काय कल्पना? ती वाळक्या पानांवरून चरचर आवाज करत सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अहो, जिवंत आहे का ते?"

त्याने डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं. "शू…"

"शू काय? मांजर आहे ना?"

"शू…"

बोलण्यात अशी जरब होती की ती गप्प उभी राहिली. मग हळूहळू तिलाही ऐकू यायला लागलं. पाणी पायरीला लागून मागे सरकत होतं. पलीकडे कुणीतरी नाव बांधत होतं, दोर करकरत होता. आणि जवळच्या झाडात एक पक्षी सारखं काहीतरी सांगत होता, थांबत होता, पुन्हा सांगत होता. तळं तिनं लहानपणापासून पाहिलेलं. ऐकलं मात्र कधी नव्हतं. त्या पक्ष्याचं बोलणं जरा लांबलं, तशी सवयीनं तिच्या तोंडून आलं, "हं…"

पक्षी भुर्रकन उडाला.

त्याने डोळे उघडले. मोठे, जड पापण्यांचे, नुकतेच झोपेतून उठल्यासारखे डोळे. "झालं," तो म्हणाला. "अर्धा तास उभा होतो त्याच्यासाठी."

"मी काय केलं? मी नुसतं हं म्हटलं."

"त्याने काही विचारलं होतं का तुम्हाला?"

"सांगत होता ना काहीतरी. मग कुणीतरी हं म्हणायला नको?"

त्याने दांडी खाली घेतली. "मांजर नाही हे. आत माइक आहे. वारा शिरू नये म्हणून वरून हे केसाळ घालतात. आम्ही याला बोका म्हणतो."

"म्हणजे मांजरच की," ती म्हणाली आणि खुर्च्यांची जागा शोधायला निघून गेली. जाता जाता एकदा मागे वळून पाहिलं, नाही असं नाही. तो हसत होता, पण तिच्याकडे बघून नव्हे, बोक्याकडे बघून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आली तर काय, तोच. हेडफोन लावून, बोका घेऊन, तिच्या खुर्चीच्या शेजारी. आवाज टिपणारा म्हणून मॅडमनी जो माणूस घेतला होता तो हाच. ती मनात म्हणाली, झालं कल्याण.

आता तिचं थोडं सांगायला हवं. फिल्म बनवणाऱ्या त्या छोट्याशा ऑफिसात ती इतकी वर्षं मागच्या टेबलावर बसून दुसऱ्यांनी घेतलेल्या मुलाखती टाइप करत आली होती. लोक काय बोलले, कुठे थांबले, कुठे गहिवरले, सगळं उतरवून काढायचं. आणि दर वेळी तिला वाटायचं, अगं बाई, आत्ता तर खरं बोलायला लागली होती ती, आणि यांनी पुढचाच प्रश्न टाकला. हे बोलणं कधीतरी मॅडमच्या कानावर गेलं. मॅडम म्हणजे ऑफिसच्या मालकीण, बोलायला मोजक्या आणि वागायला रोखठोक. त्यांनी तिला बोलावून सांगितलं, तळ्यावरच्या फिल्ममध्ये बाईंची मुलाखत तू घे. शनिवारपर्यंत नीट हातात आली तर पुढेही ही खुर्ची तुझी. नाही आली तर रेडिओवरचे एक निवेदक मी सांगून ठेवलेत, आणि तू परत टायपिंगला.

ती त्या खुर्चीसाठी काहीही करायला तयार होती.

बाई म्हणजे पोहण्याच्या बाई. निम्म्या गावाला त्यांनी याच तळ्यात पोहायला शिकवलेलं. आता पाठ जरा वाकली होती, पण खांदे अजून रुंद. मुलाखत घरात घेऊ, पंखा बंद करू, पडदे लावू, असं सगळ्यांनी समजावून पाहिलं. बाईंनी दाद दिली नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "घरात बसून पाण्याबद्दल काय बोलायचं? काठावर बसू. रोज सकाळी तासभर. त्यावर मला जमणार नाही."

आणि काठावर बसून मुलाखत घेणं म्हणजे काय ते तिला पहिल्याच दिवशी कळलं. वारा बाईंचे केस उडवायचा, केस माइकला घासायचे. ऊन सरकलं की बाईंच्या नाकाची सावली ओठांवर यायची, की कॅमेरावाले काका पांढरं कापड घेऊन धावायचे. मध्येच नाव यायची. मध्येच कुणाच्या तरी घरातला कुकर शिट्टी मारायचा. आकाशातून विमान गेलं तर संपलंच, ते पार दिसेनासं होईस्तोवर सगळ्यांनी हाताची घडी घालून बसायचं. काका स्वभावाने गोड, पण उन्हापायी इतके चिंतातूर की त्यांची मान कायम वर. "वरून कुणी हाक मारतंय का काका?" असं तिनं विचारलंसुद्धा.

पण या सगळ्यावर कडी केली ती तिनेच.

"थांबा," हेडफोनवाला म्हणाला. "तुमचं हं आलं मध्ये."

"माझं?"

"बाई म्हणाल्या, पाणी त्या दिवशी फार गार होतं. तुम्ही म्हणालात, हं. या फिल्ममध्ये प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज ठेवायचा नाहीये. बाईंच्या शब्दावरच तुमचं हं बसलं तर ते काढता येत नाही."

"बरं. नाही म्हणणार."

दोन वाक्यं झाली. "थांबा."

"आता काय?"

"अय्या म्हणालात."

तिनं जीभ चावली. तिचाही इलाज नव्हता हो. तिच्या घरात मावशीचा फोन आला की आई तासभर नुसतं हं, हं का, अगंबाई एवढ्यावर काम भागवायची, आणि बाबा म्हणायचे, या घरात भिंतीसुद्धा हं म्हणतात. त्या घरात ती वाढलेली. समोरचा बोलतोय आणि आपण मूग गिळून बसायचं, हे तिला उद्धटपणाचं वाटायचं. पण हे त्या माणसाला कोण सांगणार? तो सारखा शू करतो म्हणून तिनं त्याचं नाव शूमास्तर ठेवून टाकलं. त्यानेही तिचं नाव हंबाई ठेवलंय, हे काकांनी तिला लगेच पुरवलं.

मग एक ढग आला.

ऊन जाऊन येऊन असलं की चित्र अर्धं उजेडात, अर्धं अंधारात येतं, म्हणून काकांचा नियम होता. ढग सूर्यासमोर आला की "ढग" म्हणून ओरडायचं, आणि तो जाईपर्यंत सगळं बंद. बाई खुर्चीत मान टेकून डोळे मिटून घ्यायच्या. काका आकाशाकडे बघत बसायचे. आणि उरायची ती दोघं.

"तुम्हाला रागवायला आवडतं का?" पहिल्या ढगात तिनं विचारलं.

"नाही. ऐकायला आवडतं."

"मग मी बोलते ते का नाही आवडत?"

तो विचारात पडला. खरंच विचारात पडला, उगीच हसून वेळ नाही मारून नेली. "असं म्हटलंय का मी?" तो म्हणाला, आणि ती पुढे काही बोलणार तेवढ्यात काका ओरडले, "चला, ऊन आलं."

त्या आठवड्यात आकाशात ढगांची नुसती रीघ लागली होती. पांढरे, आळसावलेले, कुठे जायची घाई नसलेले ढग. एकेक ढग येई आणि त्यांच्या गप्पांचा एकेक तुकडा होई. दुसऱ्या ढगात त्यानं तिला पानांचे आवाज ओळखायला शिकवले, कुठलं झाड सळसळतं आणि कुठलं नुसतं कुजबुजतं. तिसऱ्या ढगात तिनं त्याला मावशीची नक्कल करून दाखवली, तर तो इतका हसला की त्याला हेडफोन काढावे लागले. एका लांबलचक ढगात दोघं काहीच बोलली नाहीत. पाण्याचा रंग राखाडी झाला होता, वारा तिच्या ओढणीचं टोक उचलून सारखं त्याच्या हातावर टाकत होता, आणि तो ते टोक प्रत्येक वेळी उचलून तिच्याकडे परत देत होता… अगदी गंभीर चेहऱ्यानं, कुणाची राहिलेली वस्तू परत द्यावी तसं. शेवटच्या वेळी त्यानं ते जरा उशिरा दिलं.

बुधवारपर्यंत तिची अवस्था अशी झाली की सकाळी उठल्या उठल्या ती खिडकीतून आकाश बघायची. आई म्हणाली, "शेती करायला घेतलीस का गं?"

गुरुवारी मात्र मॅडम आल्या. त्यांनी बाईंचं बोलणं थोडं बघितलं, मान डोलावली आणि त्याच्याकडे वळल्या. "आवाज कसा आहे?"

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं.

"बाईंचा आवाज चांगला आहे," तो म्हणाला. "पण जवळजवळ प्रत्येक वाक्यावर हं आहे. असंच राहिलं तर वापरता येणार नाही."

मॅडम तिला फक्त एवढंच म्हणाल्या, "दोन दिवस आहेत," आणि गाडीत बसून गेल्या. इकडे तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो तारा गुंडाळत होता तिथे ती गेली.

"एवढंसं खोटं नाही बोलता आलं तुला? माझी खुर्ची जाणार आहे, माहितेय ना?"

"माहितेय."

"मग? ठीक आहे म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं?"

"आवाजाबद्दल मी खोटं बोलत नाही," तो हळू म्हणाला. "मला जे ऐकू येतं ते दुसऱ्या कुणाला येत नाही. मग लोकांनी कुणावर विश्वास ठेवायचा?"

"ठेव तुझा विश्वास तुझ्यापाशी."

ती फणकाऱ्यानं वळली आणि चार पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण त्याला तू म्हणालो. आठवडाभर अहो-जाहो चाललं होतं, आणि भांडता भांडता थेट अरे-तुरे. आता उद्यापासून काय म्हणायचं? परत तुम्ही म्हटलं तर कृत्रिम वाटणार, आणि तू म्हटलं तर… तू म्हटलं तर ते भांडण उरणार नाही. घरी जाईपर्यंत ती याच विचारात होती, आणि खुर्चीचं दुःख करायचं तेवढं राहून गेलं.

त्यालाही तोच पेच पडला असावा. शुक्रवारी सकाळी तो म्हणाला, "चहा झाला का घेऊन?" ती म्हणाली, "झाला. तिकडचा झाला का?" "झाला. खुर्ची जरा इकडे सरकवता येईल का?" "येईल की." तू नाही, तुम्ही नाही, दोघांनी मिळून सगळं बोलणं असं बिननावाचं करून टाकलं. काका या दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. मग ते तिला हळूच म्हणाले, "याचं सोमवारी जायचं ठरलं, कळलं का? डोंगरातल्या पक्ष्यांवर कुणी फिल्म करतंय. थंडी सरेपर्यंत तिकडेच." ती म्हणाली, "हं." तेवढंच आलं तोंडातून.

त्या दिवशी तिनं ठरवलं होतं, जीव गेला तरी आवाज करायचा नाही. बाई बोलायला लागल्या. तिनं ओठ घट्ट मिटले, बोटं एकमेकांत अडकवली, नुसती मान हलवत राहिली. बाई थोडं बोलल्या, थांबल्या. तिच्याकडे पाहिलं. पुन्हा थोडं बोलल्या. शाळेच्या पुस्तकातला धडा वाचावा तसं बोलणं व्हायला लागलं, आणि मग तेही सुकलं.

"बाळ, बरं नाही का तुला?"

"बरंय बाई."

"मग गप्प का? कंटाळा आला का माझा?"

"नाही हो बाई, तसं काही…"

"मग मी बोलतेय कुणाशी? या बोक्याशी?"

काकांना हसू आलं, पण ती हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हं म्हटलं तर आवाज बिघडतो, नाही म्हटलं तर बाई बोलत नाहीत. म्हणजे ही खुर्ची आपल्या नशिबात नाही, सोमवारपासून परत मागचं टेबल, आणि हाही जाणार. तेवढ्यात एक भला मोठा ढग आला, निवांत थांबला, आणि त्या अख्ख्या ढगात दोघं एकमेकांपासून लांब दोन पायऱ्यांवर बसून राहिली. ती पाण्यात खडे टाकत होती. तो हेडफोन लावूनच बसला होता, आणि एकदाही त्यानं तिला शू केलं नाही.

शनिवारी ती पोहोचली तेव्हा तो आधीच तिथे होता. त्यानं काही न बोलता हेडफोन तिच्यापुढे धरले.

"काय आहे?"

"ऐकायचं. आधी मंगळवारचं, मग कालचं."

तिनं हेडफोन लावले. मंगळवारच्या बाई पाण्याला घाबरणाऱ्या एका मुलीची गोष्ट सांगत होत्या. बाई म्हणाल्या, ती पायरीवरूनच परत फिरली. लांबून बारीकसं हं आलं. बाईंचा आवाज पुढे सरकला. पुन्हा हं, आता जरा काळजीचं. बाई आणखी सांगायला लागल्या, हसल्या, रुसल्या, आवाजात ऊब येत गेली. मग शुक्रवारच्या बाई. त्याच बाई, तेच तळं, आणि बोलणं कसं, तर दवाखान्यात आपली माहिती सांगावी तसं.

तिनं हेडफोन काढले. तो तिच्याकडे बघत नव्हता, वायरीकडे बघत होता.

"काल घरी जाऊन दोन्ही दिवस ऐकले," तो म्हणाला. "माझं चुकलं. मी इतके दिवस आवाज स्वच्छ आहे का एवढंच ऐकत होतो. बाई कुणामुळे बोलतायत ते ऐकलंच नाही. मॅडमना फोन केला होता. म्हटलं, हं काढू नका. ते काढले तर बाई भिंतीशी बोलतायत असं वाटेल. त्या तयार आहेत, आजचं ऐकून ठरवतील. आज इकडेही एक माइक लागेल. हं नीट यायला हवं."

तिला विचारल्याशिवाय राहवेना. "दया आली म्हणून?"

"दया यायची असती तर गुरुवारीच आली असती," तो म्हणाला, आणि हे खरं होतं, ते तिला पटलं.

बोटाच्या पेराएवढा माइक त्यानं तिच्या हातात दिला. तिनं तो गळ्यापाशी लावला. "जरा खाली," तो म्हणाला. तिनं खाली लावला. "ओढणी घासतेय." तिनं ओढणी काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. त्यानं हेडफोन लावले, डोळे मिटले आणि ऐकत राहिला. बराच वेळ ऐकत राहिला.

"काही येतंय का आवाज?" तिनं विचारलं.

"येतोय."

"कसला?"

"फार भरभर काहीतरी वाजतंय," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. "कसलं ते मी सांगणार नाही."

तेवढ्यात बाई आल्या म्हणून बरं, नाहीतर ते वाजणं काकांनाही ऐकू गेलं असतं.

त्या दिवशी आकाश कसं होतं म्हणाल तर धुऊन वाळत घातल्यासारखं. निळंभोर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, औषधालाही ढग नाही. वारा पडलेला. पाणी निश्चल. काकांची मान आठवड्यात पहिल्यांदा सरळ झाली. आणि ती खुर्चीत बसली, बाईंकडे वाकली आणि म्हणाली, "हं, बाई. ती मुलगी पायरीवरून परत फिरली. मग?"

मग बाई बोलल्या. अशा बोलल्या की काकांनी कॅमेऱ्यामागे डोळे पुसले. त्या मुलीला पोटाखाली हात देऊन पाण्यात कसं आडवं केलं ते सांगितलं. ती रोज विचारायची, बाई, हात सोडणार नाही ना?

"हं… मग तुम्ही काय म्हणायचात?"

"मी म्हणायची, सोडणार. पण सांगून सोडणार. बाकीचे काय करायचे, पोराला कळू न देता हात काढून घ्यायचे. पोर शिकायचं, नाही असं नाही. पण त्यानंतर ते कुणावर भरवसा नाही टाकायचं. मी कधी कुणाचा हात न सांगता सोडला नाही बघ."

"हं," ती म्हणाली. आपल्याला रडू येतंय की काय असं तिला वाटलं. तिनं सहज शेजारी पाहिलं. शूमास्तरांनी डोळे उघडले होते. आवाज टिपताना तो कधी डोळे उघडत नसे.

एकदाही थांबावं लागलं नाही. नाव आली नाही, कुकर वाजला नाही. बाईंचं बोलणं संपलं तेव्हा काकांनी लगेच मॅडमना फोन लावला, दोन-चार वेळा हो-हो म्हणाले, आणि तिच्याकडे वळून म्हणाले, "संध्याकाळी ऐकणारेत. पण मी काय बघितलं ते सांगितलंय त्यांना. म्हणाल्या, रेडिओवाल्यांना नको म्हणून कळवते. खुर्ची तुझी झाली गं पोरी."

तिचा जीव भांड्यात पडला. बाईंनी तिचा गाल कुरवाळला. सगळं हवं तसं झालं होतं, आणि तिला एकदम वाटलं, संपलंसुद्धा. आजच्या दिवशी एक ढग येऊ नये? आता सामान भरणार, गाडी निघणार, सोमवारी तो डोंगरात.

काकांनी कॅमेऱ्याला हात घातला.

"काका, थांबा. जागेचा आवाज राहिलाय," तो म्हणाला. प्रत्येक ठिकाणी शेवटी हे करायचं असे. सगळ्यांनी जिथल्या तिथे गप्प राहायचं आणि त्यानं एक मिनिटभर त्या जागेचा नुसता आवाज टिपून घ्यायचा. काका थांबले. त्यानं बोका वर केला. मग खाली घेतला.

"विमान आहे," तो म्हणाला.

काकांची मान सवयीनं वर गेली. "कुठंय?"

"लांब आहे. जाऊ दे, मग घेऊ. तोवर सामान हलवू नका."

"मला तर काही दिसत नाही बुवा," म्हणत काका आपल्या पेटीवर जाऊन बसले आणि त्यांनी डबा उघडला. बाईंनी मान खुर्चीला टेकली. "येऊ दे विमान," त्या डोळे मिटता मिटता म्हणाल्या. "मला कुठे जायचंय."

तो तिच्या खुर्चीपाशी येऊन पायरीवर बसला. तिचा माइक सोडवायला आला असेल असं तिला वाटलं, पण तो काही माइक मागेना. बोक्याचे केस उगीच सारखे करत राहिला. तिनं आकाशाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. आणि पाहता पाहता तिच्या ध्यानात आलं.

"हेडफोन तर गळ्यात आहेत," ती म्हणाली.

"हो."

"मग विमान कशानं ऐकू येतंय?"

त्याचे हात थांबले. कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या.

"विमान नाहीये," तो म्हणाला.

तिला आधी नीट समजलंच नाही. मग समजलं. तिची खुर्ची जात होती तेव्हा या माणसाच्या तोंडून खोटा शब्द निघाला नव्हता. मॅडमसमोर नाही, तिच्या डोळ्यांतलं पाणी बघून नाही.

"आवाजाबद्दल खोटं बोललास?" तिनं अगदी हळू विचारलं.

"सकाळपासून ढगाची वाट बघतोय. एक नाही आला. मग काय करणार?" त्यानं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे सरळ पाहिलं. "मी सोमवारी जातोय."

"काकांनी सांगितलं."

"मी सांगायला हवं होतं. बाईंचं ऐकलं आणि माझं पाणी पाणी झालं. म्हटलं, न सांगता जायचं नाही. पण आता सांगायला बसलो तर… तर मला सोडायचंच नाहीये, असं होतंय."

पाणी पायरीला लागून हळूच मागे सरकलं. ती काहीच बोलली नाही. हंसुद्धा नाही.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून वगैरे नाही. पहिल्या दिवशी फार राग आला होता तुझा."

तिला हसू फुटलं. "मग कधीपासून?"

"काल. काल तू दिवसभर गप्प बसलीस. एवढा सुंदर आवाज मी कित्येक दिवसांत टिपला नव्हता. पाणी होतं, पानं होती, बाई होत्या, सगळं स्वच्छ. आणि तूच नव्हतीस त्यात. मला करमेना. घरी जाऊन मंगळवारचं लावलं ते कामासाठी नव्हतं लावलं… तुझा आवाज ऐकायला लावलं. बाकीचं मग लक्षात आलं."

आजवर ती सगळ्यांचं ऐकत आली होती. मावशीचं, आईचं, फितीवरच्या त्या अनोळखी माणसांचं, बाईंचं. तिचा आवाज नाही म्हणून कुणाला करमेनासं झालंय, हे तिला पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं.

"तिथे फोन लागतो का?" तिनं विचारलं.

"म्हणतात नाही लागत. वर टेकडीवर चढलं की लागतो."

"मग चढशील?"

"रोज."

"मी नुसती ऐकून घेणार नाही हं. मलाही खूप बोलायचंय तुझ्याशी. इतकं साठलंय की तुला तिथे थंडी वाजायला लागेल ऐकता ऐकता."

"वाजू दे," तो म्हणाला. "बोल."

"मलाही आवडतोस तू," ती म्हणाली, आणि म्हणाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की पाय जमिनीला लागलेत का ते तिनं खाली बघून घेतलं.

"गेलं का रे विमान?" पेटीवरून काकांची हाक आली.

त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसाच राहिला. एका दिवसात दुसऱ्यांदा खोटं बोलणं त्याच्या जिवावर आलं होतं, आणि खरं सांगायची त्याची इच्छा नव्हती.

"नाही गेलं काका," तिनंच सांगितलं, आणि त्याचा हात आपल्या हातात घेतला. "अजून बराच वेळ लागेल त्याला."